चपला घालूनच गायचं

"ही घोंगडी अंगावर घ्या. चपला तिकडे बाजूला काढून ठेवा. गाडी आली की पुढे व्हायचं, वाकायचं आणि म्हणायचं, 'जोहार, मायबाप.' खणखणीत हं!"

मॅडम हसतमुखानं सांगत होत्या. एका हातात काळी घोंगडी, दुसऱ्या हातात घुंगरं बांधलेली काठी. काठी नवी कोरी. पॉलिशचा वास येत होता.

नांदे गावाच्या पुढं, जिथं माझ्या लहानपणी भाताची खाचरं होती, तिथल्या सोसायटीचं क्लब हाऊस. गेटला गावच्या वेशीसारखी थर्माकोलची कमान केलेली. तिच्याखाली आमचा जलसा उभा. पेटी, ढोलकी, कडक इस्त्रीचे कपडे. माझ्या बापानं, आबानं, काढलेला जलसा. आता त्याची संस्था झालीय, मी तिची सचिव. मला सूर लागत नाही, म्हणून सचिव केलं. ठरावात मात्र 'कार्यक्षम' असं लिहिलंय.

संस्था चालवायची म्हणजे देणगीदाराची भाषा शिकायची. ती मी शिकले. आमच्या गाण्यांना 'अमूर्त वारसा' म्हणायला लागले आणि गाणं शिकायला येणाऱ्या पोरांना 'लाभार्थी'. नवरा म्हणाला, "मला पन लाभार्थी म्हन. म्हंजी भाजीत मीठ तरी पडंल."

त्या दिवशी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शेजारच्या चांदे गावातली आमची तालमीची खोली जाणार होती. मालक तोंडावर बोलले होते, "ताई, आयटीची पोरं दारात हुबी हायेत. तुमचं गाणं चांगलं हाय, पन भाडं परवडंना. म्हैनाअखेरपत्तुर सांगा." एका कंपनीच्या फाउंडेशननं खोलीचा खर्च उचलायचं जवळपास ठरवलं होतं. कंपनीचे मोठे साहेब आज आमचा कार्यक्रम बघणार आणि होकार देणार. एवढंच बाकी होतं.

त्याआधी फाउंडेशनच्या या मॅडम तालमीला येऊन गेल्या होत्या. "तुमची स्टोरी काय?" म्हणाल्या. मी सांगितली. माझा आजा गावचा येसकर. हातात घुंगुरकाठी घेऊन वेशीवर पहारा द्यायचा, कुणी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचा, दिसेल त्याला वाकून जोहार घालायचा. वरच्या आळीतून जाताना चपला हातात. एक दिवस आज्यानं ती काठी ओढ्यात फेकली आणि पुन्हा वेशीवर गेला नाही. म्हणून आबानं जलसा काढला तेव्हा पहिला नियम केला : चपला घालूनच गायचं. मंच कुणाचाही असो. यावरून कितीदा भांडणं झाली. लोक म्हणायचे, मंचावर पायताण? आबा म्हणायचे, "गानं नको आसंल तर सांगा. चपला न्हाई निघायच्या."

ऐकताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं काम. घरी जाऊन मी शिरा केला.

काठी त्यांच्या लक्षात राहिली. चपला राहिल्या नाहीत.

गेटवर मॅडमनी ती काठी सुमनआक्काच्या हातात दिली. आक्का माझी चुलतबहीण, जलशाची मुख्य गायिका. दिवसा हिंजवडीत कंपनीच्या काचा पुसते, संध्याकाळी गाते. तिनं काठी घेतली. घुंगरं वाजली. ती मॅडमकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"आपल्या आज्यानं ही टाकली व्हती. तू हुडकून आनलीस व्हय गं?"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता.

कधी आला, कळलं नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाईनं गोड आवाजात सांगितलं आणि माझ्या पायानं ऐकलं. शिकलेल्या बाईचा पाय. मेलच्या शेवटी 'सचिव' लिहिणारीचा पाय. माझी मलाच शिसारी आली.

मी पाय परत चपलेत घातला.

"मॅडम, आम्ही हे करणार नाही."

"अहो, ॲक्टिंगच तर आहे. पाच मिनिटं फक्त. मग आत गाणं आहेच की तुमचं."

"आत गाऊ. चपला घालून. इथं उभं राहणार नाही."

"सरांवर दारातच इम्प्रेशन पडायला पाहिजे. तुमच्या भल्याचंच सांगतेय मी. फंड हवाय ना?"

हवा होता.

"आणि तुमचे आजोबा करायचेच ना हे? तुम्हीच सांगितलंत."

"करायचे नाहीत, मॅडम. त्यांना करायला लावायचे."

मी आक्काच्या हातातून काठी घेतली आणि मॅडमच्या पुढं धरली. "हवं तर तुम्ही उभ्या राहा. ॲक्टिंगच आहे."

त्यांनी हात मागं घेतला. तेवढ्यावरूनच कळलं, ॲक्टिंग नव्हती.

काठी कमानीला टेकवून ठेवली आणि निघालो. समोरून साहेबांची गाडी आत वळत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आमच्यातलं कुणी पळालं नाही. ढोलकी खांद्याला, पेटी दोघांच्या मधे, आम्ही गाडीपुढून सावकाश चालत गेलो. गाडी थांबली. मागनं आक्का म्हणाली, "च्या तरी पिऊन आलो आसतो." कुणीतरी हसलं. मला हसू येईना.

खोली गेली. आता तालीम माझ्या घरात होते. पेटी वॉशिंग मशिनवर, ढोलकी दिवाणाखाली. नवरा टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघतो आणि स्वतःला संस्थेचा मोठा देणगीदार म्हणवतो. शेजारी भिंत बडवतात. चांद्याची काही पोरं लांब पडतं म्हणून यायची बंद झाली. त्यांतल्या एकीचा गळा आक्कासारखा होता. ती आठवली की अजून झोप उडते. मान राखला म्हणून सगळं गोड झालं, असं मी कुणाला सांगणार नाही. झालं नाही.

पैसा लागतोच. मी परत मेल लिहिते, परत काचेच्या ऑफिसांत जाऊन बसते. पण आज्याची गोष्ट आता तिथं सांगत नाही. ती ऐकायची असेल त्यानं आमच्या जलशाला यावं आणि समोर बसून ऐकावी. देणगीदाराला मी पहिल्या भेटीतच पायातल्या चपला दाखवते आणि नियम सांगते. पुढचं बोलणं त्यानंतर. काही जण तिथंच उठतात. उठू देत.

आणि ती काठी पुन्हा कुणी आमच्या हातात दिली, तर या वेळी मी ती कमानीला टेकवून ठेवणार नाही. तिथंच, देणाऱ्याच्या समोर, गुडघ्यावर मोडणार.