सासऱ्यांचं घड्याळ आणि शाडूची रिंग

हसणार नसाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच, आमची बायको तर अजून हसतेय!

घड्याळ सासऱ्यांचं होतं हो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. रोह्याचे आमचे मामा धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेलं. मागे नाव कोरलेलं. झोपतानासुद्धा मनगटावरून उतरत नसे. पाण्यात चालतं म्हणून मामा ते घालूनच कुंडलिकेत पोहायला उतरले, आणि काचेखाली हे एवढं धुकं! त्यात पुढच्या रविवारी शिफ्टमधल्या जुन्या मित्रांचं जेवण. तिथे काय आंधळं घड्याळ मिरवायचं?

"घड्याळवाल्याकडं टाकतो," मामा म्हणाले.

इथे माणसानं गप्प बसावं की नाही? पण माझा पेणला गणपतीचा कारखाना. ओल्या मूर्ती वाळवण्यात हयात गेली! आणि खरं सांगू? लग्नाला इतकी वर्षं झाली, मामांच्या तोंडून 'वा जावई' असं एकदाही निघालं नव्हतं. त्या दोन शब्दांसाठी मी अगदी आसुसलो होतो.

"ओलावाच काढायचाय ना मामा? आणा इकडं. पुन्हा पाण्यात चालेल असं करून देतो!"

पेणला आल्या आल्या मूर्तीच्या कोरणीनं मागचं झाकण उचकटलं आणि घड्याळ हॅलोजनखाली मांडलं. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला त्याचा उंदीर.

"अहो, ते घड्याळ हाय, मूर्ती नाय," मनीषा म्हणाली. मनीषा म्हणजे आमचं कुटुंब.

"ओलावा तो ओलावाच गो! तुला काय कळतंय?"

आणि गंमत म्हणजे जमलं की! धुकं गायब, सेकंदकाटा टुणटुण धावतोय. फक्त झाकणाखालची रबरी रिंग, पाणी अडवते ती, तीही मी शहाण्यासारखी दिव्याखालीच ठेवली होती. ती वितळून फळीला चिकटली!

आता दुसरा माणूस नवी रिंग आणायला बाजारात गेला असता. मी शाडूचा गोळा घेतला. गणपतीचं जानवं वळतो ना, तसा बारीक दोरा वळला, खाचेत बसवला, झाकण दाबलं आणि वरून वार्निशचा हात मारला. इतकं सुबक काम, की माझी मीच पाठ थोपटली.

रविवारी सकाळी मनीषासकट रोह्याला हजर! मामांनी घड्याळ उजेडात धरलं. काच लख्ख.

"वा जावई!"

ऐकलंत? म्हणाले हो! माझे तर पाय जमिनीवर ठरेनात. तिथेच चहा पिऊन उठलो असतो तर आज तुमच्यासमोर ही बेअब्रू कशाला केली असती?

"हे तर कायच नाय मामा. पातेलंभर पाणी आणा!"

"राहू द्या हो. पटलं मला."

"नाय नाय, बघाच तुम्ही!" आणि मी घड्याळ पाण्यात सोडलं.

आधी काहीच नाही. मी छाती फुगवून सगळ्यांकडे पाहिलं. मग एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग पाणी हळूहळू ताकासारखं झालं. घाईघाईनं घड्याळ बाहेर काढलं, तर काचेआड चिखल आणि त्यात काटे रुतून बसलेले!

"आत काय भरलंत?" मामांनी विचारलं.

"शाडू," मी म्हणालो.

आता ओरडणार, असं वाटलं. छे! मामांनी आधी आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मने, यांच्या कारखान्यावर पाटी काय लावलीय गो?"

नवऱ्याची काही दयामाया? बाईंनी एका दमात म्हणून दाखवलं, "अस्सल शाडूच्या मूर्ती. पाण्यात टाकताच विरघळणार, हमखास!"

"मग यांचा काय दोष?" मामा म्हणाले. "माणूस आधीच पाटी लावून बसलाय!"