खास तुमच्यासाठी

"काका, मशीनला जात नसती. पोरीला तिच्या लायकीचं दाखवतंय ते."

साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. हसत म्हणाले. सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो.

मुलगी इथं शहरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. जयसिंगपूरहून रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून तिनं आमच्याच कंपनीच्या ॲपवर खोली शोधली. आडनाव भरलं, गाव भरलं. 'खास तुमच्यासाठी' म्हणून आल्या त्या सगळ्या शहराबाहेरच्या खोल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या पाटील मॅडमनी तोच भाग, तेच भाडं टाकून बघितलं. त्यांना दवाखान्यामागची अख्खी गल्ली दिसली. ते दोन फोन मी साहेबांपुढं धरले होते.

मशीनला हे कुणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं.

सुरुवातीला भाडेकरूंना फोन करायचं काम माझं. घरमालक जात बोलत नसत. "चांगली माणसं बघा," एवढंच म्हणत. मग मी विचारायचो, पावणं, गाव कुठलं? गावात घर कुठं? देवळाजवळ म्हटलं की 'जुळते' हे बटण. ओढ्यापलीकडं म्हटलं की 'जुळत नाही'. माझं स्वतःचं घर ओढ्यापलीकडं. पण विचारणाऱ्याला कोण विचारतं? त्या खुर्चीत मी लपलो होतो.

एका मेकॅनिकनं नाव सांगितलं, तरी मी गाव विचारत बसलो. तो म्हणाला, "सरळ बोला की. मुसलमान हाय मी. खोली न्हाय म्हणा."

मी फोन ठेवला. 'जुळत नाही'चं बटण दाबलं.

मशीन माझ्या बोटाकडं बघून शिकलं. आता फोन करावा लागत नाही. कुणी नाही म्हणत नाही. घर दिसतच नाही, मग भांडायचं कुणाशी?

तो मेकॅनिक भांडला. पुढं ॲपवरही त्याला एक खोली दिसेना. त्याच्या वकिलाची नोटीस आली. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं. लिहून द्यायचं होतं, की निवड यंत्र करतं, त्यात माणसाचा हात नाही. म्हणाले, "सही करा काका. पोरीच्या खोलीचं मी बघतो."

पेन हातात घेतलं. नोकरी गेली तर या वयात कोण उभं करून घेणार? माझं गाव, ओढ्याची माझी बाजू कागदावर येणार. आणि मुलगी? तिची दारं बंद करणारा तिचाच बाप, हे तिलाही कळणार. त्याचीच भीती जास्त.

पेन खाली ठेवलं.

"हात माझा हाय," मी म्हणालो.

या वेळी साहेब हसले नाहीत.

उद्या त्या वकिलाकडं जाणार आहे. त्याआधी, आज, मुलीला सांगणार. मी कोण, असं वकील विचारतील. ओढ्यापलीकडचा, असं सांगेन. आणि बटण दाबणारा. दोन्ही लिहून घ्या म्हणेन, आणि खाली माझं पुरं नाव.