खांदे सोडून गेलेली पोरं

खांदा जाम झालेल्या माणसाजवळ दोन गोष्टी जमा होतात, तेलाच्या बाटल्या आन् दुसऱ्यायच्या भानगडी. राजापेठेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी वर्षभर हात वर-खाली करून राहिलो. तेवढ्यात तिथली तीन पोरं धंदा बदलून गेली. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं समजलं की दिवसभर दुसऱ्यायचे हातपाय ओढणाऱ्यायचेच हातपाय पहिले जातात.

*

निलेश मशिनी विकायच्या कंपनीत गेला. टाय लावून आमच्याच दवाखान्यात मशीन दाखवायले आला. माझ्या खांद्याले वायर लावले, बटन दाबलं, आन् सवयीनं दुसऱ्या हातानं खांदा चोळत बसला. मले आराम पडला. मंग बाकीचे पेशंटही लायनीत लागले. "मशीन राहू दे, तू हात लाव."

डॉक्टरीण बाईनं मशीन घेतलं नाही. वरून त्यालेच इचारलं, "तू वापस येतं का कामाले?"

*

गौरव मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ टाकते. आमच्या बुढीची, म्हंजे बायकोची, मान धरली, तर तिनं त्याचाच व्हिडिओ लावला. मान डावीकडे वळवा म्हणे, वळवली. मधात जाहिरात आली. मी घरात आलो तर बुढी भिंतीकडे पाहून राहिली होती. काय झालं म्हणून इचारलं.

"थांबा, त्यानं सरळ करा म्हटलं नाही अजून."

*

अश्विनी अकोल्याले विम्याच्या हापिसात लागली. लोकायचे दवाखान्याचे क्लेम तपासायचं काम. पण फोनवर कोणी गुडघा म्हटलं की हिचं सुरू, उशी घ्या, पाय दाबा, दहा मोजा. साहेब कावला. ज्यायचा क्लेम नामंजूर होते, तेच लोक तिले फोन करून आशीर्वाद देतात म्हणे!

*

राहिली प्रणाली. माझा खांदा तिच्याच हातात होता. पेशंट उचलू उचलू पोरीची कंबर गेली. दुसरं काम नाही भेटलं तर घरी बसायची पाळी. वरूडच्या एका संत्र्याच्या पॅकिंगवाल्यानं तिले एक दिवस पाहतो म्हटलं. बायायच्या कंबरा दुखतात, खाडे पडतात. काही करून दाखव, नाही तर राम राम. मी जिंदगीभर मंडीत पोते वाहिले, म्हणून मलेही सोबत नेलं.

सकाळी तिनं कसं वाकायचं ते शिकवलं. बाया पदर तोंडाले लावून हासल्या. दुपारपर्यंत कोणी ऐकलं नाही. पोरीचं तोंड उतरलं. मंग ती चुपचाप सगळ्यात जुन्या मंदाबाईच्या बाजूले त्या बुटक्या टेबलावर वाकून संत्री निवडाले लागली. अर्ध्या घंट्यात तिची कंबर भरून आली. तशीच सरळ झाली आन् मले म्हणे, "बाबा, विटा कुठं भेटतीन?"

टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या.

संध्याकाळी मालक आला. त्या टेबलावरच्या बाया ताठ उभ्या राहून काम करून राहिल्या होत्या. त्यानं खाली वाकून पाहिलं. "विटाच ठेवायच्या होत्या, तर एवढं शिकलेलं माणूस कायले पाहिजे? मीच ठेवल्या असत्या."

मंदाबाईनं संत्र्यावरची नजर काढली नाही. "बावीस वर्षं झाले, मालक. कोणं हात धरले होते तुमचे?"

मालकानं बाकीचे टेबल मोजले. मंग प्रणालीले म्हणे, "बाकीच्या टेबलायचं सोमवारी पाहा."