टकटकबाई

तपासणीच्या खोलीत एक वजनकाटा, एक उंच पलंग आणि कायम अर्धवट सरकणारा पडदा होता. तिथल्या नर्सबाईंना आम्ही सगळ्याजणी टकटकबाई म्हणायचो. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा दर महिन्याला त्यांच्यापुढे उभी राहायचे. चपला काढून वजन, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब आणि मग लोहाच्या गोळ्यांची उलटतपासणी. मळमळतं म्हणून मी त्या गादीखाली लपवते, हे सासूबाईंनी सांगून टाकलं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. गादीला रक्त चढेल, तू राहा पांढरीफटक."

मग त्या लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावायच्या. बाळाचे ठोके फक्त त्यांनाच ऐकू यायचे. मलाही कळावेत म्हणून त्या माझ्या मनगटावर बोटाने तस्सेच वाजवायच्या, टकटक, टकटक. लेकीची आणि माझी पहिली ओळख अशी बोटावर झाली.

आता त्याच लेकीला सातवा महिना लागलाय. काल तिच्या तपासणीत यंत्रातून ठोके खोलीभर घुमले. येताना मी एकटीच बाईंच्या घरी गेले. त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही. मी त्यांचा हात घेतला आणि मनगटावर ते ठोके वाजवत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिटभर मोजलं.

"एकशे चाळीस. बाळ उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "गोळ्या घेते ना ती? का आईवर गेलीय?"