शांतव्वाचा दुपारचा फोटो

रोजगार हमीच्या कामावर मातीपेक्षा किस्सेच जास्त निघतात. माती मोजायला साहेब येतो, किस्से कोण मोजणार? मी तिथला पाणी पाजणारा म्हातारा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. जतकडच्या आमच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं आणि घागर घेऊन सगळ्यांच्या खोड्या काढत फिरायची मला सरकारी नोकरीच लागली!

आमच्यात शांतव्वा नावाची बाई. नवरा उसाच्या गाडीवरून पडला तो कमरेतून गेला, आता अंथरुणावर. कमावणारी ही एकटी. हजेरी लागली तर चूल पेटणार. आणि हल्ली हजेरी लागते मोबाईलच्या फोटोवर! सकाळी एक, दुपारी एक. एक जरी हुकला तरी दिवसभर उपसलेली माती फुकट.

*

फोटो काढणारा रोजगार सेवक दत्ता. सासुरवाडी कोरेगावची, कालव्याच्या पाण्यातली, म्हणून हा स्वतःला बागायतदार समजतो! फोटो पुढं जायला रेंज लागते, आणि आमच्याकडं रेंज फक्त लिंबाच्या शेंड्याला. दत्ता वर चढला होता. मी खालून ओरडलो, "दत्ता, साप!"

दत्ता खाली, मोबाईल वर फांदीत!

सगळ्या बाया हसल्या. शांतव्वा हसली नाही. "आप्पा, माझी हजेरी झाडाला लटकलीया, आन तुमी दात काढताय?"

झालं, या वयात मलाच चढावं लागलं. फांदी कडकड वाजायला लागली. खालून दत्ता ओरडतोय, "आप्पा, दमानं! मोबाईल नवा हाय!"

*

मग आलं चेहरा तपासायचं नवं फर्मान. मोबाईलसमोर उभं राहून डोळे मिचकावायचे. नाही मिचकावले तर नावच कमी होणार!

शांतव्वा पदर ओढून उभी. "परक्या माणसाला डोळा मारू व्हय? घरात काय सांगू?"

"अगं मावशी, मला न्हाई, मोबाईलला!" दत्ता रडकुंडीला आला. दोनदा चेहरा नापास झाला.

शेवटी ती म्हणाली, "आप्पांना मोबाईलच्या मागं हुबं करा. त्यांच्याकडं बघून मिचकावते."

मी मिशीला पीळ दिला.

"हां, त्यांच्यापासनं आता कुणाला काय धोका न्हाई!"

मोबाईल पास, मी नापास!

*

एकदा दुपारी ती जरा झुडपामागं गेली, तेवढ्यात फोटो निघाला. दिवस गेला. संध्याकाळी मी चिडवलं, "शांतव्वा, पुढच्या येळी फोटोवाल्याला सांगून जात जा!"

ती म्हणाली, "आज घरी काय सांगून जाऊ, ते सांगा."

गड्यांनो, मी रिकामी घागर उचलून वाटेला लागलो.

*

मग ती दुपार. बाया दरड खालून पोखरतात. वरची माती आपसूक ढासळते, खोरं कमी मारावं लागतं. साहेब नको म्हणतो, पण सगळ्याच करतात. फोटोची वेळ संपत आलेली. दत्ता ओरडला, "चला गं, लायनीत या!"

"एवढी पाटी भरते," शांतव्वा म्हणाली.

आणि धप्प!

धुरळा बसला तेव्हा शांतव्वा कमरेच्या वरपर्यंत मातीत. डोक्यावर उरलेली दरड लोंबकळतीय. मी घागर टाकून पळालो. बाया हातांनी माती उकरायला लागल्या.

"आदी फोटू काढा!" ती ओरडली.

"अगं, मरशील!"

"येळ संपली तर दिस गेला! मी हितनं कुटं पळतीय? काढ रं दत्ता! पाया पडले असते, पर वाकता येत न्हाई!"

दत्तानं मोबाईल वर धरला. वरून माती बारीक बारीक गळत होती. आम्ही तिच्या दोन्ही अंगांना उभे राहिलो. मी तिच्या काखेत हात घालून, बाया माखलेल्या हातांनी, सगळे कॅमेऱ्याकडं बघत. फोटो निघाला. दत्ता लिंबाकडं पळाला, आम्ही मातीवर तुटून पडलो. तिला ओढून बाहेर काढली आणि मागं उरलेली दरड खाली आली.

पाय मोडला, जीव वाचला, फोटो तालुक्याला पोचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात तिच्या खाटेभोवती. दत्ता पडलेल्या चेहऱ्यानं आला. तालुक्याहून मोबाईलवर मेसेज आला होता. त्यानं वाचून दाखवला, "दुपारच्या फोटोत एक मजूर बसलेली दिसते. कामावर बसू नये. खुलासा करावा."

शांतव्वानं प्लॅस्टरमधला पाय जरा सरळ केला.

"लिव दत्ता. पुढच्या खेपेला उभ्यानं गाडून घेते!"