मनगट हललं की बोट वर

परवा पेपरच्या पुरवणीत एक लेख आला. चाळिशी-पन्नाशीत ऐकू येणं कमी झालं आणि ते तसंच राहू दिलं, तर म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं संशोधन सांगतं म्हणे. खाली सल्ला होता, इअरफोनचा आवाज कमी ठेवा. मी पेपर टेबलावर आपटला. माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात इअरफोन लावलेला नाही. त्याचे कान घालवले ते चाकणला तो काम करतो त्या कंपनीच्या प्रेस शॉपने.

तिथे पत्र्याला आकार देणारी अवजड यंत्रं शिफ्टभर धाडधाड आपटत असतात. कंपनी कानात घालायला प्लग देते, नाही असं नाही. पण प्लग घातले की यंत्राचा आवाज बदललेला कळत नाही, आणि तो नाही कळला तर साचा फुटतो. साचा फुटला की साहेब ऑपरेटरवरच घसरतात. म्हणून प्लग खिशात असतात आणि ऑडिटवाले आले की कानात जातात. हे साहेबांनाही पक्कं ठाऊक आहे.

वर्षातून एकदा कंपनीच्या आवारात तपासणीची गाडी येते. हेडफोन लावून बसायचं, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. नापास झाला की प्रेस शॉपमधून बाहेर आणि ओव्हरटाइम बंद. मग कामगारांनीही आपलं संशोधन केलं. आवाज सोडायचं बटण दाबणाऱ्याचं मनगट काचेतून दिसतं. मनगट हललं की बोट वर! जुने लोक नव्यांना हे चहा पाजून शिकवतात. कुकरची शिट्टी ऐकू न येणारा माझा नवरा दरवर्षी पास होतो.

मी त्याला लेख वाचून दाखवला, अर्थात ओरडूनच. तर म्हणतो, "अगं, मला सगळं ऐकू येतं. तूच हल्ली पुटपुटतेस."

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. उद्या हा माणूस मलाच "तुम्ही कोण?" असं विचारेल, आणि कंपनी म्हणेल, यांची तब्येत उत्तम.

दुसऱ्याच दिवशी त्याला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. इथे नापास झालास तर काही जाणार नाही, उलट कानाचं मशीन मिळेल, असं रिक्षात पुन्हा पुन्हा बजावलं. तपासणाऱ्या मुलीने त्याला काचेपलीकडे भिंतीकडे तोंड करून बसवलं. पाय अवघडतो म्हणत याने खुर्ची जराशी तिरकी करून घेतली. मी मुलीच्या मागे उभी होते. बोट बरोब्बर वर जात होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, यांचे कान तर चांगले आहेत. मी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते तिच्या मनगटावर खिळले होते.

माझं डोकंच फिरलं. मुलीला सगळं सांगितलं. मग आत जाऊन त्याला उठवलं, खुर्ची पुरती भिंतीकडे केली आणि पुन्हा बसवलं. तो चिडून काहीतरी बोलला, मी लक्ष दिलं नाही.

मुलीने बटण दाबलं. मग आवाज वाढवून दाबलं. वाढवत राहिली, दाबत राहिली. त्याचा हात मांडीवर तसाच होता. बऱ्याच वेळाने तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "ताई, चालू करा की आता. किती वेळ नुसतं बसवून ठेवताय?"