साहेबांचा उजवा कान

पहिल्या दिवशी साहेबांनी "नमस्कार" म्हटलं आणि कचेरीच्या छपरावरची कबुतरं जी उडाली ती आठवडाभर परतली नाहीत. शिपायाच्या हातची कपबशी निसटली. हेडक्लार्कांना तर आपली बदली, निलंबन आणि अंत्ययात्रा एकदमच निघाल्यासारखं वाटलं. पण तो राग नव्हता. साहेबांचा डावा कान युद्धात गेला होता, आणि आपण केवढ्यानं बोलतो याचा त्यांना पत्ताच नव्हता.

त्या युद्धात ऐन विशीत त्यांनी शत्रू येण्याआधी एकट्यानं एक पूल उडवला. त्याबद्दल पदक मिळालं. पुढे अठ्ठाविसाव्या वर्षी, मिसरूड न फुटलेल्या पोरांशेजारी बाकावर बसून ते इंजिनियर झाले, आणि सरकारनं त्यांना पूल सांभाळायच्या खात्यात टाकलं. "एक पाडला, त्याची ही जन्मठेप," ते म्हणत. पदक बायकोच्या बटणांच्या डब्यात पडून होतं.

पूल तपासायची त्यांची रीत एकच. लोखंडी पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यावर हातोडी मारायची आणि उजव्या कानानं ऐकायचं. 'टण्' वाजला तर घट्ट, 'थप्' वाजला तर सैल. अशी लाखभर डोकी ठोकून झाल्यावर, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, उजव्या कानानंही राजीनामा दिला. साहेब त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. हातोडी मारली की ते फक्त हेडक्लार्कांकडे बघत. घट्ट असेल तर हेडक्लार्क मान हलवत, सैल असेल तर बोट आडवं करत. साहेब वहीत लिहीत. दोघंही दमलेले; असल्या गोष्टींची चर्चा करायची कुणात ताकद होती?

शेवटची तपासणी नदीवरच्या जुन्या पुलाची निघाली. हेडक्लार्क पलीकडच्या काठावर राहत. पूल बंद झाला तर रोज साडेतीन किलोमीटरचा वळसा, आणि गुडघे तर आधीच कुरकुरत होते.

तिसऱ्या खांबाजवळ साहेबांनी हातोडी मारली.

थप्.

हेडक्लार्कांनी नदीकडे बघत मान हलवली.

साहेब लिहिणार, तोच थांबले. रिव्हेटच्या मागच्या बाजूला बोट टेकवून त्यांनी पुन्हा ठोका मारला. बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "हलतोय की हो हा!" खालची होडीसुद्धा दचकली.

"साहेब, जरा हळू बोला."

"कान गेलेत माझे, बोट शाबूत आहे. दोन वर्षांत एकदा तरी खोटं सांगितलंत का? मग आजच काय झालं?"

हेडक्लार्कांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जन्मात ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडले, "दमलो हो साहेब! घर पलीकडे आहे माझं!"

साहेब कठड्याला टेकले. "मीही दमलोय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "पण युद्धातल्या त्या पुलावर कुणी नाही हे बघून मग उडवला होता मी. हा आपणहून पडेल तेव्हा कोण बघणार?"

वही पुढे आली. 'पूल बंद करावा,' हेडक्लार्कांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. साहेबांनी सही केली.

निरोप समारंभाला वळसा पडतो म्हणून पलीकडचं कुणी आलं नाही. हेडक्लार्क आले, पण भाषणं संपल्यावर. दीड वर्षानं साहेब गेले. पूल अजून बंदच आहे.